आडवा

चिखलीतल्या निम्म्या फौजींना युसूफ उस्तादांनी जमिनीवर पाडलंय, मलाही. भरतीच्या तयारीला आलेल्या पोरांवर ते एकच शब्द फेकायचे, "आडवा!", की सत्तर पोरं काळ्या मातीत पालथी. तोफगोळा फुटला की जमिनीला चिकटलेलाच वाचतो, म्हणायचे; उशिरा पडला त्याच्या पाठीत काठी. त्यांचा स्वतःचा मुलगा फैजान उशिरा पडला तर दोन काठ्या.

फैजान आणि मी एकाच पलटणीत लागलो. तिथे गेल्या वर्षी सगळं शिक्षणच उलटं झालं. आता वरून ड्रोन पाहतं. उघड्यावर पडून राहिलेला माणूस म्हणजे त्याच्यासाठी ताटात वाढलेली भाकर. पांगा, पळा, झाडाखाली शिरा. आमच्या तुकडीत हे शिकवायला निवडला तो फैजानच. रजेवर त्याने बापाला सांगून पाहिलं. उस्ताद सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "पळायले शिकवते का बे तुही फौज?" पोरं हसली. मीही हसलो, नालायक.

मग सीमेवर, एका दुपारी, पाण्याचे कॅन घेऊन आम्ही चौघं निघालो होतो. डोक्यावर घरघर आली. माझी अक्कल गेली आणि तोंडातून निघालं, "आडवा!" दोघं पंजाबचे, त्यांना तो शब्दच कळला नाही, ते पळाले आणि वाचले. ओरडून मीही पळालो. फैजान एकटा पडला. डोक्यात सगळं होतं त्याच्या, पण अंग बापाने घडवलेलं. ड्रोनला घाई नव्हती. ते त्याच्यावर येऊन थांबलं, मग खाली आलं.

दफन झाल्यावर आठवड्याने मी उस्तादांच्या घरी गेलो. त्यांनी एकच विचारलं, "पळाला तं नाही ना?"

'नाही उस्ताद, आडवा पडला' एवढंच म्हणून उठायचं ठरवून गेलो होतो. पण त्यांची छाती फुगणार, उद्या मैदानावर ते हेच पोरांना सांगणार, या विचाराने माझं डोकं फिरलं. मी सगळं सांगितलं.

"तू ओरडला, हर्षल?"

"हो. तुमचाच शब्द."

"मंग तू काऊन नाही पडला?"

"पळायचं म्हणून त्यानंच शिकवलं होतं."

उस्तादांचा हात उठला आणि तसाच गुडघ्यावर पडला. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दारात फैजानची आई, समीनाचाची, चहा घेऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. एक कप तिने माझ्यासमोर ठेवला, एक नवऱ्यासमोर.

"पिऊन घ्या," ती म्हणाली, "अन् मंग दोघंबी निघा माह्या घरातून."