उनाडची न लिहिलेली गोष्ट

दुसरा मोजा घालून घ्यायला ते काही केल्या तयार होईनात. एक पाय मोज्यात आणि एक उघडा, अशा थाटात ते खुर्चीत बसले होते आणि बायकोच्या हातात मोजा नसून साप असावा तसे तिच्याकडे बघत होते. वाळवंटं तुडवलेला, समुद्रात बुडता बुडता वाचलेला, अस्वलाच्या तावडीतून खांदा सोडवून आणलेला हा माणूस एका मोज्यापुढे हरला, हे त्यांच्या वाचकांना सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं. तिला हसू आलं. शेवटी तिनं त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि तान्ह्या मुलाला घालतात तसा मोजा चढवला.

"शाळेतली मुलं येताहेत," ती म्हणाली. "गोष्ट ऐकायला."

"मग आधी सांगायचं नाही का," असं म्हणून ते एकदम ताठ बसले.

मुलं त्यांना मुशाफिर आजोबा म्हणत. पुस्तकांच्या मागच्या पानावरही तेच नाव असे आणि शेजारी फोटो: कधी होडीत, कधी उंटावर, दाढी वाऱ्यावर. उभं आयुष्य त्यांची एक रीत होती. फिरून आले की गोष्ट आधी मुलांना तोंडी सांगायची, मुलं जिथं चुळबुळ करतील तेवढा भाग गाळायचा आणि मगच कागदाला हात लावायचा. गोष्ट चालू असताना घरातल्या कुणी मध्ये बोलायचं नाही, हा कडक नियम. लग्न नवं असताना तिनं एकदा मध्येच म्हटलं होतं की, त्या बेटावर पाऊस पडत नाही असं तुम्हीच परवा म्हणालात. झालं, पुढचा आठवडा त्यांनी घुम्यासारखं तोंड करून काढला. तेव्हापासून ती दाराशी स्टुलावर बसून ऐके आणि तोंडातून चकार शब्द काढत नसे.

आता त्यांना विसरण्याचा आजार जडला होता. जेवण झाल्यावर ते जेवायला मागत, न्हाणीघराची वाट चुकून कपाटाचं दार उघडत. पण समोर मुलं बसली की त्यांची गाडी अजून रुळावर येई, म्हणून शिक्षिकेनं विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली होती.

मुलं आली, दाराशी बुटांचा ढीग झाला आणि जाजम भरून गेलं. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी सगळ्यांच्या वतीनं बोलली.

"उनाडची सांगा. नवी."

उनाड म्हणजे त्यांच्या सगळ्या पुस्तकांतला अकरा वर्षांचा पोरगा. त्याला आई नाही, बाप नाही. एकटाच जगभर भटकतो, प्रत्येक पुस्तकात जिवावरच्या संकटात सापडतो आणि प्रत्येक पुस्तकात सहीसलामत सुटतो. हा उनाड म्हणजे त्यांचा स्वतःचा मुलगा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरात त्याला चिमण म्हणत. बापाबरोबर बर्फाच्या डोंगरात पहिल्याच सफरीला गेला आणि परत आला नाही. वाटेत ताप चढला, जवळपास डॉक्टर नव्हता. तिथंच एका झाडाखाली पुरला, असं ते म्हणाले होते.

निघायच्या दिवशी सकाळी चिमणचं कपाळ तिला कोमट लागलं होतं. पण पोरगं आनंदानं घरभर नाचत होतं. आता ताप म्हटलं तर त्याचं जाणं राहील आणि तो रडून घर डोक्यावर घेईल, म्हणून ती गप्प बसली. ते एकटेच परत आले तेव्हा तिनं हे सगळं त्यांच्यापुढे ओकून टाकलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, तुझी काही चूक नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं तिचं तोंड पाहिलं नसतं, असं तिला वाटे. त्या एका वाक्याच्या ओझ्याखाली ती पुढचं सगळं आयुष्य वाकून राहिली. ते पुन्हा समुद्रावर निघाले तेव्हा तिनं नको म्हटलं नाही, महिनोन् महिने पत्ता नसायचा तेव्हा तक्रार केली नाही. वर पुस्तकांत त्यांनी तिचं पोर जिवंत ठेवलं होतं, त्याला मोठंही होऊ दिलं नव्हतं. त्यासाठी तर ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला तयार होती.

गोष्ट सुरू झाली. आवाज तोच, पहिल्या दोन वाक्यांत खोली ताब्यात घेणारा. बर्फाचा डोंगर, पांढरं ऊन, श्वासाची वाफ. उनाड पुढे चाललाय आणि मागे त्याचा बाबा.

दाराशी बसलेल्या तिनं मान वर केली. उनाडला बाबा कुठून आला?

"पुढे एक भेग होती," ते सांगत होते. "खोल, तळ न दिसणारी. वर बर्फाचा पापुद्रा धरलेला. पलीकडे गेलं तरच शिखराचा फोटो चांगला येणार. पापुद्रा वजन पेलेल की नाही, काय ठाऊक? म्हटलं, चिमण, तू हलका आहेस. तू आधी जा."

मुलांच्या काही लक्षात आलं नाही. पोरंच ती, उनाडचं हे लाडाचं नाव असेल असं त्यांना वाटलं असावं. ती मात्र स्टुलावर पुढे सरकली. ते नाव त्यांनी किती वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"गेला. मधोमध गेला आणि वळून हसला. कोपरावर निळं ठिगळ लावलेला लाल स्वेटर. आणि मग तिथं कुणीच नव्हतं. मग खालून हाक आली."

एवढं बोलून ते गप्प झाले. मुलं श्वास रोखून वाट बघत राहिली. शिक्षिका अवघडून आधी त्यांच्याकडे आणि मग दाराकडे बघू लागली. ते ठिगळ दाराशी बसलेल्या तिनं स्वतः लावलं होतं, निघायच्या आदल्या दिवशी, लाल लोकर संपली म्हणून निळ्या लोकरीचं.

"मग?" दात पडलेल्या मुलीनं विचारलं.

ते खिडकीकडे बघत होते. मुलीचे डोळे भरायला लागलेले पाहून तिनं नव्या लग्नातल्या त्या चुकीनंतर पहिल्यांदाच तो नियम मोडला.

"मग बाबानं कमरेची दोरी सोडली," ती स्टुलावरून म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "खाली टाकली. त्यानं ती घट्ट धरली, आणि बाबानं त्याला वर ओढून घेतलं. वर आल्यावर त्याला गरम दूध दिलं."

मुलांचा जीव भांड्यात पडला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी दुधात साखर होती का ते विचारलं. मग बुटांचा गोंधळ झाला, उजव्या-डाव्याची भांडणं झाली आणि शिक्षिकेनं तीन-तीनदा आभार मानले. सगळी गेल्यावर तिनं दार लावून कडी घातली. मग आत आली.

"तू चुकीचं सांगितलंस," ते म्हणाले. रागावले नव्हते; एखाद्या पानातली चूक दाखवावी तसं म्हणाले. "दोरी नव्हती. दोरी तंबूत राहिली होती. ती आणायला गेलो ना मी. तेवढ्यात बर्फ पडायला लागलं, रात्रभर पडत राहिलं. सकाळी सगळं सपाट."

ती त्यांच्या समोर खाली बसली.

"त्याला ताप होता का हो?"

"कुणाला?"

"चिमणला."

"छे, ठणठणीत होता. चढताना मला मागं टाकत होता."

"मग मला ताप म्हणून का सांगितलंत?"

त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. खोटं बोलायला लागतं ते भान त्यांच्याकडे आता उरलंच नव्हतं, हे तिला दिसत होतं.

"मी कुठं सांगितलं," ते म्हणाले. "तूच दारात विचारलंस, ताप वाढला का म्हणून. मी हो म्हणालो."

तिला रडू येईना. इतक्या वर्षांचं ते ओझं अंगावरून उतरलं तर हलकं वाटायला हवं होतं. राग यायला हवा होता, तोही वाटेत कुठंतरी अडकून पडला होता. हा समोर बसलेला म्हातारा, त्याचे मोजे, त्याची पिकलेली दाढी, हे सगळं तिनं रोज पुसलं होतं, जपलं होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. उद्या ती त्यांना आठवेल याचा काय भरवसा.

"खालून हाक येत होती ना," ती म्हणाली. "काय म्हणून हाक मारत होता?"

"आधी बाबा म्हणत होता," ते म्हणाले. "मी निघालो तेव्हा आई म्हणत होता."