चुलीवरची मेलेली भाषा

"मावशी, ही भाषा मेली. तिचे शंभराव्या दिवसाचे विधीही करून झाले. आता तिला आमच्या चुलीवर कशाला चढवता?"

तैपेईतल्या पाय येन-तिंगचं हे उत्तर लान यू-श्यांगने एकटीनेच वाचलं असतं, पण मागे विभागप्रमुख त्साओ येऊन उभे होते. त्यांनी ते अख्ख्या कचेरीला मोठ्याने वाचून दाखवलं. दोघंतिघं हसले. यू-श्यांगने मान वळवली नाही.

तैवानमधल्या च्याईच्या त्या कालवा कचेरीत तिची एकतीस वर्षं गेली होती. सव्वीस गावांच्या भाताला पाळीपाळीने पाणी सुटायचं. कोणता दरवाजा कधी उघडायचा आणि किती, हे फोर्ट्रान भाषेतला एक प्रोग्रॅम ठरवायचा. त्यातला बहुतेक तिच्याच हातचा. यंदा नवे संगणक यायचे होते आणि त्साओंना एका कंपनीचा तयार प्रोग्रॅम आणायचा होता. तिचा प्रोग्रॅम नको, असं तोंडावर म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी अट घातली. नव्या यंत्रांवर जे जाईल ते 'झाव'मधूनच बांधलेलं हवं, तेही एप्रिल संपायच्या आत. झावला फोर्ट्रान येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

झाव म्हणजे चिनीत चूल; प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या एका अवजाराचं हे नाव. शेकडो फायलींत विखुरलेला प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने शिजवायचा, हे ती सांभाळायची. ती फुकट होती, उघडी होती. कुणीही तिच्यात भर घालावी. फक्त तिचा राखणदार पाय येन-तिंग, त्याने ती भर स्वीकारली पाहिजे. यू-श्यांगने तीन महिने रोज पहाटे उठून चुलीची घडण समजून घेतली, तिला फोर्ट्रान शिकवलं आणि काम तैपेईला पाठवलं. सोबतच्या पत्रात आपण एकतीस वर्षं ही भाषा लिहितो, असं भाबडेपणाने लिहिलं. 'मावशी' आली ती तिथून.

तिने उलट लिहिलं, मेली असेल, पण सव्वीस गावांना तीच पाणी पाजते. तुम्ही काम तपासा.

त्याने तपासलं नाही. चाचण्या कुठे आहेत, म्हणाला. तिने दोनशे बारा चाचण्या लिहिल्या. एवढ्या कोण वाचणार, म्हणाला. ही चर्चा इंटरनेटवर उघड चालायची, मग बघे जमले. कुणी म्हणालं, चूल आहे की वृद्धाश्रम. यू-श्यांग प्रत्येकाला कामापुरतं उत्तर द्यायची. एकदाच तिचा तोल गेला आणि तिने पायला 'बापाच्या पैशावर शहाणा झालेला' असं लिहून पाठवलं. ते अजून तिथे आहे, साऱ्या जगाला वाचायला.

मार्चअखेर त्याचा निरोप आला. शनिवारी आमची मंडळी जमतात, हिंमत असेल तर या.

ती सकाळच्या गाडीने गेली. चहाच्या दुकानाच्या माडीवर वीसेक पोरं-पोरी बसली होती. पाय तिशीच्या आतला, हडकुळा, मनगटाला पट्टा बांधलेला. तो उठला नाही. त्याने तिचं काम भिंतीवर लावलं आणि सगळ्यांसमोर ओळ न् ओळ सोलायला घेतली.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"दिसतंय ते."

दोन तास हे चाललं. यू-श्यांगने वहीत एक्केचाळीस चुका उतरवून घेतल्या. समोरचा चहा निवून गेला होता. शेवटी तिने वही मिटली.

"यातल्या अडतीस बरोबर आहेत," ती म्हणाली. "तीन ठिकाणी तुम्ही चुकताय. फाइलीच्या पोटातलं काही बदललं, पण तिने बाकीच्यांना दिलेला शब्द तोच राहिला, तर बाकीच्या फायलींना हात लावायचं कारण नाही. तुम्ही सगळंच पुन्हा शिजवायला लावताय. कांद्याची पात बदलली म्हणून कुणी भात परत चढवत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पायने त्याच्याकडे पाहिलं, तसं ते थांबलं.

"लिहून पाठवा," तो म्हणाला, आणि त्याने आपला संगणक मिटला.

परतीच्या गाडीत तिला तीन मुद्द्यांचं समाधान वाटेना. अडतीस ठिकाणी तो बरोबर होता, हेच च्याई येईपर्यंत सलत राहिलं.

नऊ दिवसांत तिने सगळं दुरुस्त केलं, तीन मुद्द्यांचा खुलासा जोडला आणि पाठवलं. मग काहीच आलं नाही. एकदा तिने विचारलं. दुसऱ्यांदा विचारायला तिचं मन धजेना.

तीस एप्रिलला दुपारी माणसं येऊन जुन्या यंत्राच्या वायरी काढू लागली. तिने चार दिवस मागितले.

"अट तुम्हीच मान्य केली होती, लान बाई," त्साओ म्हणाले. "दरवाजांचं आता कंपनी बघेल. तुमची दोन वर्षं उरलीत. फोन घेत बसा."

यंत्र हातगाडीवरून गेलं. दारातल्या उंबऱ्यावर गाडी अडली, तेव्हा तिनेच एका बाजूने हात लावला.

तीन मे रोजी पायचं उत्तर आलं: "घेतलं. तिन्ही मुद्दे तुमचे. यापुढे फोर्ट्रानच्या तक्रारी तुमच्याकडे येतील." राखणदारांच्या यादीत तिचं नाव चढलं होतं. तिने ते छापून कागद त्साओंना नेऊन दाखवला. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं आणि परत दिला.

त्या संध्याकाळी घरच्या संगणकावर तिने आपला प्रोग्रॅम झावमधून बांधून पाहिला. चाळीस सेकंद लागली. एकही चूक निघाली नाही. सव्वीस गावांचे दुसऱ्या दिवशीचे दरवाजे पडद्यावर ओळीने उमटले. तिने ते शेवटपर्यंत वाचले. ज्याला पाठवायचं असं कुणी उरलं नव्हतं.

जूनमध्ये, जेवायच्या सुट्टीत, पहिली तक्रार आली. बुसानच्या बंदरात भरती-ओहोटीचं गणित करणारा कुणी माणूस होता. तुमच्या या भंगारामुळे माझा अर्धा दिवस गेला, त्याने लिहिलं होतं. येत नसेल तर माणसाने कशात हात घालू नये. खाली त्याने चूक दाखवली होती. यू-श्यांगने ती दोनदा तपासली. चूक तिचीच होती.

त्साओ दात कोरत जवळून चालले होते. "आता कसलं काम काढलंत?"

"माझं आहे," ती म्हणाली.

जेवणाचा डबा तिने न उघडताच बाजूला सारला. टेबलावर जागा केली, आणि लिहायला घेतलं: तुमचं बरोबर आहे. तुमचा वेळ गेला, त्याबद्दल माफ करा. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देते.