वरच्या कप्प्यातले तीन अंश

परदेशात आला त्या दिवशी त्याला विमानतळावर घ्यायला ताई आली होती. नात्यातली नव्हे; त्याच प्रयोगशाळेत चार वर्षं आधी आलेली, आपली भाषा बोलणारी, म्हणून ताई. खोलीतला हीटर कसा लावायचा, कपड्यांच्या मशीनमध्ये साबण कुठल्या खाचेत टाकायचा, बसचा पास कुठे मिळतो, सगळं तिनेच शिकवलं. आणि एक गोष्ट बजावून सांगितली.

"सोमवारच्या मीटिंगमध्ये तोंडाला कुलूप लावून बसू नकोस. चूक दिसली की तिथल्या तिथे बोलायचं. अगदी सरांची असली तरी."

"आणि तुझी असली तर, ताई?"

"माझी? माझी चूक सापडायला तुला अजून दोन जन्म लागतील, मोजणीदार!"

तो दिसेल ते मोजून वहीत टिपायचा, म्हणून मोजणीदार.

ताईची मुलगी पाच वर्षांची, मायदेशी आजीपाशी होती. पुढच्या वर्षी ती शाळेत जाणार होती आणि पहिल्या दिवशी तिला सोडायला आई येणार, असा शब्द ताईने दिला होता. त्याआधी प्रबंध हातावेगळा करायचा म्हणून ती सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेत असायची.

तिचा विषय गव्हाच्या रोपांचा. माणसाच्या उंचीचं काचेचं कपाट, आत दिवे आणि पंखा. त्याला सगळे चेंबर म्हणत. वरच्या कप्प्यात जुन्या वाणाच्या कुंड्या, खालच्यात नव्या. एकाच उष्णतेत जुना वाण माना टाकायचा आणि नवा तरारून उभा राहायचा, हा तिचा शोध.

तिसऱ्या महिन्यात ताई तापाने पडली आणि चार दिवस कुंड्यांना पाणी घालायचं काम त्याच्याकडे आलं. वरच्या कप्प्यात हात घातला की गरम लागतं, हे त्याला पहिल्याच दिवशी जाणवलं. गप्प बसेल तर मोजणीदार कसला! त्याने आपला छोटा थर्मामीटर आधी वर ठेवला, मग खाली. वर तीन अंश जास्त. चेंबरचा स्वतःचा थर्मामीटर खाली पंख्याशी होता, त्याला वरची खबरच नव्हती. म्हणजे जुना वाण नाजूक होता असं नाही. तो बिचारा दिव्यांखाली भाजत होता. दर आठवड्याला कुंड्यांच्या जागा बदलायला हव्या होत्या, ते राहून गेलं होतं.

रविवारी त्याने आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "चारचौघांत बोलू नकोस रे बाबा. परक्या मुलखात तिने तुला हाताला धरून उभं केलंय. एकटीला गाठून हळूच सांग."

सोमवारी ताई उतरत्या तापात तडक मीटिंगलाच आली. पडद्यावर आलेख लावला: एक रेघ वर चढलेली, एक खाली घसरलेली. सरांनी खुशीत टेबलावर थाप मारली. मग नेहमीप्रमाणे एकेकाला शंका विचारत त्याच्यापर्यंत आले.

"तू काय म्हणतोस?"

ताई त्याच्याकडे बघत होती. डोळे अजून तापाने लाल.

"छान झालंय, सर."

बाहेर पडल्यावर सांगू, असं ठरवून तो तिच्या मागोमाग गेला, तर ती जिन्यात मुलीशी फोनवर बोलत होती. "पिल्लू, आई येणार हं, नक्की!" तो दोन पायऱ्या खाली तसाच थांबला आणि परत फिरला. मंगळवारी त्याने स्वतःची समजूत घातली की आपला थर्मामीटर स्वस्तातला आहे. खात्रीसाठी बर्फाच्या पाण्यात बुडवला, तर बरोबर शून्य. ती पळवाटही बंद झाली. पण आता 'काल का नाही बोललास?' याचं उत्तर द्यावं लागणार होतं. आठवड्याने 'गेल्या आठवड्यात का नाही?' याचं. दिवसागणिक उत्तर जड होत गेलं आणि तो तिला टाळू लागला.

सात महिन्यांनी ताईने संशोधन-पत्रिकेकडे पाठवलेला लेख परत आला. परीक्षकाचा एकच प्रश्न होता: कुंड्यांच्या जागा बदलल्या होत्या का? ताईने त्या दुपारी स्वतःच दोन्ही कप्प्यांत थर्मामीटर ठेवले. तीन अंश. ती कपाटासमोर स्टूलवर बसून राहिली. त्याने आपली वही आणून, पान उघडून तिच्या मांडीवर ठेवली. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा.

ताईने तारीख दोनदा वाचली.

"तुला ठाऊक होतं."

"सरांसमोर कसं बोलू, ताई? तुझा पाणउतारा झाला असता."

"झाला असता. मला रागही आला असता." तिने वही मिटली. "संध्याकाळपर्यंत. मग दुसऱ्या दिवशी मी कुंड्या हलवल्या असत्या."

"माझं चुकलं."

"चूक माझी आहे रे. जागा मी बदलल्या नाहीत. पण तू मला सात महिने त्याच चुकीवर इमला चढवू दिलास. मान राखलास म्हणे माझा!"

सरांना तिने सगळं सांगितलं. त्याचं नाव तेवढं घेतलं नाही. तेही त्याला बोचलं. प्रयोग पहिल्यापासून करायचा ठरला, म्हणजे आणखी एक वर्ष. पाणी घालायला येऊ का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "नको, माझं मी बघते," आणि तेही इतक्या सभ्यपणे की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मुलीची शाळा सुरू झाली त्या दिवशी ताई चेंबरपाशीच होती. फोन कपाटाच्या काचेला टेकवून ठेवलेला, हातात मातीची कुंडी. शेजारच्या टेबलावर तो बिया मोजत होता. फोनमधून आजीचा आवाज आला, "अगं, दारातून हलायलाच तयार नाही ही. आई येतेय म्हणते."

"तिला दे." ताईने कुंडी खाली ठेवली. "पिल्लू, आत जा बाळा. आजी आहे ना?"

"तू कुठंय?"

"मी... माझं काम चुकलं गं. परत करतेय."

"बाईंनी सांगितलं नाही का तुला चुकलं म्हणून?"

ताईने खाली ठेवलेली कुंडी पुन्हा उचलली. त्याने बिया पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.