बावीस चुनापट्ट्या

डोंगरमाथ्यावरच्या त्या गावात आता एकाही घराला छप्पर नाही. भिंती आहेत, जोती आहेत आणि खोल्यांच्या मधोमध उगवलेली झाडे आहेत. एकतीस वर्षांपूर्वी उतारावर लांब भेग पडली, तेव्हा डोंगर घसरतो आहे असे ठरवून सर्वांना पायथ्याच्या वसाहतीत हलवण्यात आले. तो खरोखर घसरतो का, हे कोणी मोजले नाही. मोजले ते माझ्या मामाने. पण तो गवंडी, म्हणून त्याला कोणी विचारले नाही.

त्याची पद्धत साधी होती. भिंतीच्या तड्यावर बोटभर जाडीची चुन्याची पट्टी आडवी ओढायची आणि ओल्या चुन्यात खिळ्याने तारीख कोरायची. भिंत हलली तर पट्टी तडकते. गाव रिकामे झाले त्या आठवड्यात त्याने बावीस तड्यांवर बावीस पट्ट्या ओढल्या.

आता माथा यंत्रांनी सपाट करण्याची नोटीस निघाली होती. अकरा कुटुंबांना वर परतायचे होते. भिंती गेल्या की त्यांचा परतण्याचा हक्कही जाणार होता. त्यांच्या हरकतीसाठी भूगर्भशास्त्राचा अहवाल मी द्यायचा होता, तोही जागेवर, पाहणीला आलेल्या साहेबांसमोर.

"बघा साहेब," मामा म्हणाला, "बावीसच्या बावीस शाबूत."

खरोखर तसे होते, आणि मला ते मुळीच आवडले नाही. इतकी स्वच्छ निरीक्षणे निसर्ग सहसा देत नाही.

"मामा, एकतीस वर्षांत एकही तुटली नाही?"

"तुटल्या की. तीन."

"मग?"

"मग काय? नव्या ओढल्या. तडकलेलं काम तसंच टाकून येऊ? गवंडी आहे मी, ठेकेदार नाही."

चढ चढून दमलेले साहेब प्रथमच हसले. "म्हणजे पुरावाच दुरुस्त केलात, काका!"

मामाचा चेहरा उतरला. दुरुस्तीने काही बिघडू शकते, हा विचार उभ्या आयुष्यात त्याला शिवला नव्हता.

"जुन्या कुठे आहेत?" मी विचारले.

"खरवडून फेकल्या. जुन्यावर नवा चुना धरत नाही. पण तारीख नवीच घातली. चुन्यात खोटं लिहीत नाही मी."

"खिळा तुमचा, तारीखही तुमचीच," साहेब म्हणाले.

आक्षेप रास्त होता. त्यांच्या जागी मीही तोच घेतला असता. मी छिन्नी काढली आणि फिनॉल्फ्थॅलिनची बाटली उघडली. ताज्या चुन्यावर या द्रावणाचा थेंब गुलाबी होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना आतपर्यंत मुरला की रंग येत नाही.

"माझ्यावर संशय घेतेस? अगं, खांद्यावर बसवून फिरवलंय तुला या गल्ल्यांतून."

"सगळ्यांवरच घेते, मामा. तुला एकट्याला सूट दिली तर साहेब माझ्यावर घेतील."

प्रत्येक पट्टीचा टवका काढून थेंब टाकत दुपार झाली. एकोणीस टवके बिनरंगी राहिले. तीन आतून गर्द गुलाबी झाले. त्यांच्यावर गेल्या दोन वर्षांतल्याच तारखा होत्या. चाचणी जुने आणि अलीकडचे एवढेच वेगळे करते, नेमके वय सांगत नाही, हेही मी साहेबांना सांगितले आणि कागदावर लिहिले.

त्या तीन पट्ट्यांची तिन्ही घरे पूर्वेच्या कडेला एका ओळीत होती. तिथे खडक संपतो आणि भराव सुरू होतो. मधले घर मामाचे होते.

"मामा, तुझं घर हलतंय."

"किती?"

"सांगता येत नाही. जुन्या पट्ट्या असत्या तर सांगितलं असतं."

त्याने टवका माझ्या हातातून घेतला. "लिही मग."

"मामा, अरे..."

"लिही म्हणतो ना! हे तीन झाकलेस तर त्या एकोणिसांवर कोण विश्वास ठेवील?"

"तीन हलतात ना," साहेब म्हणाले, "मग सरसकट धोकादायक लिहू. तुम्हालाही सोपं, आम्हालाही."

"तीन दात किडले म्हणून जबडा काढत नाहीत, साहेब. बाकीची घरं खडकावर आहेत. माझा निष्कर्ष खोडायचा असेल तर खोडा. पण कशाच्या आधारे, ते खाली लिहा आणि सही करा."

त्यांनी अहवाल दोनदा वाचला. शेवटी 'पडताळणी समक्ष झाली. तीन घरांपुरतेच पाडकाम' असे लिहून त्यांनी सही केली.

"त्या तीन घरांवर मात्र सोमवारी यंत्र येईल," ते म्हणाले.

"माझ्या घराला यंत्र लागणार नाही," मामा म्हणाला. सोबत आणलेली पहार घेऊन तो भिंतीवर चढला आणि वरच्या थराला भिडला. एक दगड सुटला, मग दुसरा. खाली उतरून तो दगड ओढू लागला, खडकाच्या दिशेने.

"अहो, हे कुठे नेताय?"

"पलीकडे. पट्ट्या टिकल्यात तिकडे."

"तिथे बांधायला परवानगी लागते!"

"मग द्या की. तोवर जोतं होईल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. दगड चाळीस किलोच्या आसपास होता आणि मामाचे वय एकाहत्तर. ते ओझे एकट्याने ओढणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय होते. मी दुसरी बाजू धरली.