मातीच तर आहे

उद्या माझ्या लेकीचं लग्न आहे आणि माझा नवरा माझ्या समोर यायला घाबरतोय. घाबरायलाच हवं मेल्याने!

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या दारात भांडी फोडतात. काच सोडून काहीही चालतं. जेवढा चुरा जास्त तेवढं शुभ, आणि तो झाडायचा नवरा-नवरीने मिळून. त्यात नवरीची आई मातीकाम करणारी! अख्ख्या गावाचे हात शिवशिवत होते. म्हणून भट्टीत तडकलेल्या मालाची खोकी मी मुद्दाम कुंपणापाशी भरून ठेवली होती. फोडा म्हटलं, मनसोक्त फोडा.

मी स्वयंपाकघरात बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरीची पेस्ट कालवत होते. बाहेर फोडाफोड सुरू झाली आणि माझा हात थांबला. तडकलेलं भांडं बद्द वाजतं. हे खणखणीत वाजत होतं.

बाहेर धावले, तर माझा दीर एकार्ट थाळी डोक्यावर धरून उभा. माझी थाळी! सोमवारी लाइपझिगच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या चौदा थाळ्यांतली शेवटची.

"थांब!" मी किंचाळले. ऐकतोय कोण? फेकलीच त्याने. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हाल्लेच्या कलाशाळेत शिकून बाहेर पडले तेव्हापासून चित्रकार मला म्हणतात, तू कुंभारीण. कुंभार म्हणतात, तुझ्या भांड्यात धड सूप राहत नाही, जा, चित्रं काढ. चित्रं एका गावच्या गॅलरीत, थाळ्या दुसऱ्या गावच्या दुकानात, असं अर्धं अर्धं विकत म्हातारी व्हायला आले. आता कुठे पहिल्यांदा दोन्ही एका खोलीत लागणार होती. भिंतीवर चित्रं, त्यांच्यासमोर थाळ्या. तीन हिवाळे त्या भट्टीपाशी घातले मी!

"अगं गेर्लिंड, शुभ असतं," एकार्ट बियरचा फेस पुसत म्हणाला. "एवढी काय चिडतेस? परत कर. मातीच तर आहे."

"तुझी गाडी फोडू? पत्राच तर आहे!"

"माझ्यावर काय डाफरतेस? मला फोल्कमारने दिल्या."

फोल्कमार म्हणजे माझा नवरा. तो दारात उभा होता, नव्या शर्टात, हसू अर्धवट राहिलेलं.

"तूच म्हणालीस ना, बिघडलेल्या फोडा म्हणून," तो पुटपुटला. "दारामागे ठेवलेल्या दिसल्या. कडा वेड्यावाकड्या, रंग ओघळलेला. मला वाटलं, ह्याच असतील."

"आई, आज नको ना," हेन्रिके माझा दंड धरून म्हणाली. हातात झाडू, डोळ्यांत पाणी. पोरीची दया आली, पण माझं डोकं थाऱ्यावर नव्हतं. मी हात सोडवून घेतला.

"काय होतं रे त्या थाळ्यांवर?" मी त्याला विचारलं.

"निळं... निळं काहीतरी होतं."

"निळं काय?"

तो बुटांकडे बघत राहिला.

"तुझी आई होती, मूर्खा!"

सासूबाई शेवटचा हिवाळा आमच्या मागच्या खोलीत होत्या. निळं जाकीट अंगातून काढू द्यायच्या नाहीत. हा रोज त्यांच्या उशाशी बसायचा, त्यांना भरवायचा, आणि मी दारात बसून रेखाटायचे. सफरचंद सोलताना, आ वासून झोपलेल्या, माझ्यावर खेकसताना. शेवटी त्या एका अंगावर कलल्या होत्या, म्हणून थाळ्याही मी तशाच कलत्या केल्या. ह्याने त्या हातात घेतल्या, उचलून बाहेर आणल्या, पाहुण्यांना वाटल्या. पहिली थाळी नवरीच्या बापाने फोडायची, म्हणून पहिली स्वतः फोडली. एकदाही खाली बघितलं नाही!

फोल्कमार चुऱ्यात गुडघ्यांवर बसला. हेन्रिकेने हातातला झाडू त्याच्यापासून मागे ओढला. कुणी हसलं नाही. बराच वेळ चाचपून त्याने एक निळसर तुकडा उचलला, शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांवर माझ्यापुढे धरला.

"ही आईच ना, गेर्लिंड? तिची बाही आहे ना ही?"

कुणीतरी फोडायला आणलेल्या जुन्या बेसिनचा तुकडा होता तो.

"शोध," मी म्हणाले. "सकाळपर्यंत शोध."