हातोडा थांबला त्या दिवशी

आमच्या दादाचा हातोडा त्याच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा थांबला नव्हता. पत्र्याच्या बादल्या नि डबे सकाळपासून ठणाठण ठोकायचे, मग गळती पाहायला पाण्यानं भरून अंगणात ठेवून द्यायचे. त्या घरात हळू बोलायला कुणी शिकलंच नाही. दादाचा मुलगा परगावी नोकरीला असे, पण त्याची बायको, दादाची सूनही वर्षभरात आमच्यासारखीच ओरडून बोलू लागली. तिला सातवा महिना होता. हातोडा पडला की बाळ लाथ मारी. "बाबा, तुमचा नातू उत्तर देतोय!" ती आतून ओरडायची, आणि दादा मुद्दाम आणखी एक हाणायचा.

म्हणून त्या दुपारी माहेरी आले तेव्हा गल्ली गप्प पाहून मी झपाझप पावलं उचलली.

दादा उंबऱ्यावर बसला होता. मला पाहताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू. थंडीतापानं पोर हैराण झाली होती. आज घाम फुटला, ताप उतरला. सकाळपासून शांत झोपलीय, म्हणून काम बंद ठेवलंय."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"अगं, या दिवसांत व्हायचंच. आणि आता उतरलाय की."

भावाचं कौतुक वाटायला हवं होतं. मला संताप आला. ताप उतरलेलं माणूस पाणी मागतं, भूक लागली म्हणतं. दिवसभर असं निपचित पडून राहत नाही.

आत गेले. तिचं अंग गार, घामानं चिंब, ओठ पांढरेफटक. हाका मारल्या, गदागदा हलवलं. "झोपू दे गं तिला," म्हणत दादा मागोमाग आला. मी त्याचा हातोडा उचलला आणि दाराशी पडलेल्या पत्र्यावर दाणकन हाणला. गल्ली दणाणली. तिची पापणीही हलली नाही. दादाचा चेहरा तेव्हा उतरला.

दवाखान्यात नर्सनं तिचं बोट टोचलं आणि ती ओरडलीच, "साखर पार तळाला गेलीय!" आधी सलाईनमधून साखर चढवली, मग मलेरियाचं इंजेक्शन. डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या, "बाबा, ही झोप नव्हती, बेशुद्धी होती. गरोदरपणात मलेरिया फार वाईट. रक्त कमी होतं, साखर उतरते, बाळाचे हाल होतात. थंडी वाजली त्याच दिवशी आणायला हवं होतं."

"मी तर आवाजसुद्धा होऊ दिला नाही," दादा एवढंच म्हणाला.

ती वाचली. बाळ गेलं.

ती घरी आली तेव्हा अंगणातल्या सगळ्या बादल्या दादानं उपड्या करून ठेवल्या होत्या. साचल्या पाण्यात डास झाले होते, तो धडा मिळाला. हातोड्याला मात्र तो हात लावेना. गिऱ्हाइकं परत जात होती, आणि आम्ही सगळे कुजबुजत बोलत होतो.

एका सकाळी ती आतून म्हणाली, "बाबा, काम सुरू करा. ही शांतता मला सोसत नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग भीतभीत एक ठोका मारला.

मी तिच्याजवळच बसले होते. सवयीनं तिचा हात पोटावर गेला आणि थोडा वेळ तिथंच राहिला. मग तिनं तो उचलून मांडीवर ठेवला.

"जोरात, बाबा," ती म्हणाली.