थोरलीच्या पुढे

थोरली वॉकर धरून खिडकीत उभी होती. खाली धाकटी जाऊ काठी टेकत फाटकापर्यंत गेली, वळली, परत आली. शेजारीण थांबून तिचं कौतुक करत होती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

दोघींचा एकेक गुडघा एकाच डॉक्टरांनी, एकाच दिवशी बदलला होता. आज विसावा दिवस. थोरलीने बत्तीस वर्षं शाळेत खेळ शिकवला होता. धाकटीचा जन्म कचेरीतल्या खुर्चीत गेला. ती पहिल्या मजल्यावर धापा टाकायची, तोवर थोरली तिसऱ्यावर पोचून कुलूप उघडत असायची.

ऑपरेशनच्या दोन महिने आधी फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोघींना व्यायाम लिहून दिले होते. मांडी आवळून धरायची, पाय सरळ वर उचलायचा, हात न टेकता खुर्चीतून उठायचं.

"स्नायू आधीच तयार असले, की नंतर चालणं सोपं जातं," बाई म्हणाल्या होत्या.

"मला नका सांगू. हजारभर पोरांकडून कवायत करून घेतलीय मी," थोरली म्हणाली होती. घरी येऊन तिने दार लावून पाय उचलून पाहिला. तो लटपटला. तिने कागद कपाटात टाकला तो कायमचा. धाकटीने मात्र एक दिवस चुकवला नाही.

धाकटी घाम पुसत आत आली. "ताई, आज दोन फेऱ्या झाल्या."

"दिसलं. गल्लीभर मिरवून झालं ना?"

धाकटी खुर्चीत टेकली. काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या चालण्यावर जळतेय मी. हे चारचौघांत म्हणायचे, जरा वहिनीसारखं चाल. एकदा तरी तुमच्या पुढे जायचं होतं मला."

"मग गेलीस की. कसं वाटलं?"

"वाटलं होतं तेवढं बरं नाही वाटलं."



दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच म्हणाली, "चल, खाली जाऊ." लिफ्टमधून बाहेर पडल्यावर धाकटी पाऊल आखडतं घेऊ लागली. थोरलीच्या ते लगेच लक्षात आलं.

"माझ्यासाठी रेंगाळू नकोस. तुझ्या चालीने चाल."

धाकटीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती पुढे झाली. तिची पाठ लांब जाताना थोरलीला खुपत होतंच. तिने वॉकर वीतभर पुढे ठेवला, मग नवा पाय, मग जुना.